नैराश्याचे उपचार: पहिल्या भेटीपासून गोळी बंद होईपर्यंत

नैराश्यावरचं औषध लागू पडलं नाही अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी पुष्कळांनी ते पुरते दिवस घेतलेलंच नसतं. औषध सुटण्याच्या दोन वेळा अगदी ठरलेल्या आहेत. पहिली दुसऱ्या आठवड्यात येते. तेव्हा मळमळ सुरू झालेली असते, पण बरं वाटणं अजून सुरू झालेलं नसतं. दुसरी येते तिसऱ्या-चौथ्या महिन्यात. माणूस हसायला-बोलायला, जेवायला लागलेला असतो आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, "आता बरा झालास ना, मग कशाला त्या गोळ्या?" या दोन वेळा ओलांडता याव्यात यासाठी हा लेख आहे. ज्याला त्रास होतोय त्याच्यासाठी आणि त्याच्यासोबत ओपीडीच्या बाकावर बसणाऱ्यासाठीसुद्धा.

एक गोष्ट क्रम मोडून आधी सांगायला हवी. मरून जावं, आपण नसलेलंच बरं, असे विचार येत असतील तर पुढचं वाचत बसू नका. टेलिमानसच्या १४४१६ किंवा १८००-८९१-४४१६ या क्रमांकावर फोन करा. ही सरकारी सेवा आहे, फुकट आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. धोका अगदी समोर असेल तर १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा किंवा जवळच्या रुग्णालयाच्या अपघात विभागात चला, आणि तोवर त्या माणसाला एकटं सोडू नका.

हे नैराश्य आहे का?

आपल्याकडे "मला नैराश्य आलंय" असं म्हणत कुणी दवाखान्यात जात नाही. लोक म्हणतात: अंग गळून गेल्यासारखं वाटतं, डोकं जड आहे, छातीत धडधडतं, जेवण जात नाही, कशात जीव रमत नाही. डॉक्टरांनी "मन कसं आहे?" असं विचारलं तर उत्तर येतं, "मनाचं काही नाही हो, नुसती ताकद नाही अंगात." मग टॉनिक मिळतं, सलाइन लागतं, एखादी सोनोग्राफी होते आणि चार-सहा महिने निघून जातात. म्हणून तपासण्या स्वच्छ आल्या आणि तरी थकवा, दुखणं, झोपेची तक्रार चालूच असेल, तर मनाकडे बघायची वेळ झाली आहे असं समजा.

निदानाचा पाया साधा आहे. नऊ लक्षणं पाहतात: मन उदास असणं; आवडीच्या गोष्टीत गोडी न वाटणं; झोप कमी किंवा जास्त होणं; भूक-वजन बदलणं; थकवा; हालचाल-बोलणं मंदावणं किंवा उलट एका जागी बसवेनासं होणं; आपण निरुपयोगी, दोषी आहोत असं वाटणं; लक्ष न लागणं; आणि मरणाचे विचार. यातली किमान पाच लक्षणं सलग दोन आठवडे, बहुतेक रोज, दिवसातला बराचसा वेळ असायला हवीत. पहिल्या दोनपैकी एक त्यात असायलाच हवं. आणि त्यामुळे काम, घर, माणसं यांपैकी काहीतरी अडलेलं असायला हवं.

घरात ही लक्षणं कशी दिसतात? पहाटे तीन-साडेतीनला जाग येते, मग छताकडे बघत पडून राहणं. सकाळ सगळ्यात जड जाते, संध्याकाळी किंचित हलकं वाटतं. पेपरातली एकच बातमी तीनदा वाचूनही डोक्यात शिरत नाही. भाजीत मीठ दोनदा पडतं. आंघोळ हे डोंगराएवढं काम वाटतं. पुरुषांमध्ये आणि किशोरवयीन मुलांमध्ये उदासीपेक्षा चिडचिड जास्त दिसते, आणि पुरुषांचं पिणं वाढतं.

दुःख आणि नैराश्य यात गल्लत होते. जवळचं माणूस गेल्याचं दुःख लाटांसारखं येतं. दोन लाटांच्या मध्ये माणूस एखाद्या आठवणीवर हसतो, नातवाला जवळ घेतो, आणि स्वतःला कवडीमोल समजत नाही. नैराश्यात मधली मोकळी जागाच उरत नाही. दोन्ही एकत्रही असू शकतात, आणि "इतकं घडलंय तर वाईट वाटणारच" म्हणून उपचार पुढे ढकलणं ही नेहमीची चूक आहे. कारण कळलं म्हणून आजार आपोआप ओसरत नाही.

मोजमापासाठी पीएचक्यू-९ नावाची प्रश्नावली जगभर वापरतात. तिचा मराठी अनुवाद फुकट मिळतो. वरच्या नऊ लक्षणांवर एकेक प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस त्रास झाला त्यानुसार ० ते ३ गुण, एकूण २७. पाचच्या खाली फारसं काही नाही. ५ ते ९ सौम्य. १० ते १४ मध्यम. १५ ते १९ मध्यम ते तीव्र. २० आणि त्यावर तीव्र. दहा किंवा जास्त आले तर डॉक्टरांना भेटा. नवव्या प्रश्नाला, म्हणजे मरणाच्या विचारांच्या प्रश्नाला, शून्याखेरीज कोणतंही उत्तर असेल तर एकूण बेरीज कितीही असो, त्याच दिवशी कुणाशी तरी बोला. ही प्रश्नावली निदान करत नाही, पण तापाला थर्मामीटर तशी ती आहे. तारीख घालून आकडा लिहून ठेवा, पुढे लागणार आहे.

कुणाकडे जायचं

मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएस करून पुढे मनोविकारशास्त्रात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेला डॉक्टर. तो औषध लिहू शकतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट बोलण्यातून उपचार करतो, औषध लिहीत नाही. त्याच्याकडे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाची नोंदणी आहे का हे विचारा, विचारण्यात गैर काही नाही. 'समुपदेशक' ही पाटी मात्र कुणीही लावू शकतं. आठवड्याभराचा कोर्स करून लावलेली पाटीही असते आणि उत्तम शिकलेल्या माणसाचीही असते, तेव्हा शिक्षण आणि किती वर्षं काम करताय हे स्पष्ट विचारून घ्या.

पीएचक्यू-९ पंधराच्या आत असेल, मरणाचे विचार नसतील, तर बोलण्याच्या उपचारांपासून सुरुवात करता येते. त्याच्या वर असेल, खाणं-झोप पार बिघडली असेल, किंवा भलतेच आवाज ऐकू येत असतील, तर आधी मानसोपचारतज्ज्ञ. तालुक्याला तज्ज्ञ नसेल तर नेहमीच्या फॅमिली डॉक्टरकडून सुरुवात करा. साधी नैराश्यविरोधी औषधं ते सुरू करू शकतात.

खिशाला परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयात, म्हणजे आपल्या सिव्हिलमध्ये, मानसोपचार विभाग असतो. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची माणसं काही ठिकाणी ठरलेल्या वारी ग्रामीण रुग्णालयातही ओपीडी घेतात. आशाताईंना वार विचारा. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क आहेत. राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालयं येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत, गोव्यात बांबोळीला. तिथे नुसती बाह्यरुग्ण तपासणीही होते. त्या फाटकातून आत गेलं म्हणजे भरती करून ठेवतील, ही भीती मनातून काढून टाका.

पहिल्या भेटीला कागद घेऊन जा

सरकारी ओपीडीत दहा मिनिटं मिळतात, खासगीत अर्धा-पाऊण तास. नैराश्यात ऐनवेळी आठवत काहीच नाही, आणि डॉक्टरांसमोर माणूस "तसं ठीक आहे" म्हणून मोकळा होतो. म्हणून आदल्या रात्री एका पानावर एवढं लिहा. जमत नसेल तर घरातल्याने लिहावं:

"त्रास दिवाळीनंतर सुरू झाला. झोप रात्री ११ ते ३. वजन ६४ वरून ५९. कामावर महिन्यात ६ रजा. मरणाचे विचार: येतात, आठवड्यातून दोन-तीनदा, काही ठरवलेलं नाही. चालू गोळ्या: बीपीची एक, सांधेदुखीची कधीमधी. दारू: शनिवारी. मावशीला असाच त्रास होता. पीएचक्यू-९: १७."

यातली एकही ओळ फालतू नाही. मावशीची ओळ आनुवंशिकता सांगते, आणि तिला कोणती गोळी लागू पडली होती हे कळलं तर निवडीला मदत होते. दारूची ओळ लपवू नका. रोजची दारू स्वतःच नैराश्य आणते आणि औषधावर पाणी फिरवते.

एक प्रश्न डॉक्टरांनी विचारला नाही तरी तुम्ही आपणहून सांगा. आयुष्यात कधी असे चार-आठ दिवस आले होते का, की झोप दोन-तीन तास असूनही थकवा नाही, बोलणं सुसाट, मोठमोठे बेत, उधळपट्टी, आणि घरचे म्हणत होते की हा नेहमीसारखा नाही? तसं असेल तर हा बायपोलर आजार असू शकतो. त्यात नुसती नैराश्याची गोळी दिली तर माणूस दुसऱ्या टोकाला जाऊ शकतो. तिथे उपचार वेगळे आहेत.

रक्ताच्या तपासण्या सहसा थोड्याच लागतात: थायरॉइडसाठी टीएसएच, हिमोग्लोबिन, साखर, बी-१२. मंदावलेला थायरॉइड हुबेहूब नैराश्यासारखा दिसतो, आणि शाकाहारी घरांत बी-१२ कमी असणं फार आढळतं. डोक्याचा स्कॅन नेहमी लागत नाही. नैराश्य रक्तात किंवा स्कॅनमध्ये दिसतही नाही. डॉक्टर फक्त बोलले म्हणजे त्यांनी तपासलं नाही असं होत नाही.

गोळी: आठवड्यागणिक काय होतं

पहिली पसंती बहुधा एसएसआरआय (मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनावर काम करणाऱ्या) गटातल्या औषधाला असते: एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुऑक्सेटिन. एस्सिटालोप्राम बहुतेक वेळा ५ मिलिग्रॅमने सुरू करून आठवड्याभरात १० वर नेतात. सर्ट्रालिन २५ वरून ५० वर. फ्लुऑक्सेटिन २० वर. हे आकडे तुमच्या कागदाशी ताडून बघण्यासाठी दिले आहेत, स्वतः गोळी ठरवण्यासाठी नाहीत. झोप आणि भूक दोन्ही गेली असेल तर मिर्टाझापिनही देतात, रात्री.

पहिले दहा-बारा दिवस कठीण. मळमळ, डोकेदुखी, पातळ शौचाला होणं, घाम, तोंड कोरडं, थोडी अस्वस्थता. बहुतेकांचं हे दोन आठवड्यांत ओसरतं. उपाय साधे आहेत: गोळी नाश्त्यानंतर घ्या, रिकाम्या पोटी नको. गुंगी येत असेल तर डॉक्टरांना विचारून रात्री घ्या, झोप उडत असेल तर सकाळी. एखाद्या दिवशी विसरलात तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका. इथेच पहिली गळती होते, कारण त्रास आज मिळतो आणि फायदा महिन्याने. ही गोष्ट आधीच माहीत असलेला माणूस टिकतो.

फायदा ज्या क्रमाने येतो तो लक्षात ठेवा. पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात झोप आणि चिडचिड थोडी सुधारते. तिसऱ्या-चौथ्यात अंगात हालचाल येते. मन मोकळं होणं सगळ्यात शेवटी, सहा ते आठ आठवड्यांपर्यंत. बदल बहुतेक वेळा आधी घरच्यांना दिसतो: "आज तू स्वतःहून टीव्ही लावलास." रुग्ण मात्र म्हणत असतो, काही फरक नाही.

या क्रमातच एक धोका दडलेला आहे. अंगात बळ येतं पण मनातला अंधार तसाच असतो, असा एक टप्पा मध्ये येतो. पंचविशीच्या आतल्या मुलामुलींत गोळीच्या पहिल्या काही आठवड्यांत मरणाचे विचार वाढू शकतात. म्हणून पहिला महिना आठवड्याला एकदा तरी भेट किंवा फोन असावा, आणि घरच्यांनी लक्ष ठेवावं. एकाएकी प्रचंड अस्वस्थता, झोपेविना उत्साह, अंगावर पुरळ, किंवा वयस्क माणसाला गोंधळल्यासारखं होणं (रक्तातलं सोडियम उतरलेलं असू शकतं) दिसलं तर पुढच्या तारखेची वाट बघू नका.

दुसऱ्या औषधांशी जमत नाही ते असं: आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन यांसोबत रक्तस्राव होण्याची शक्यता वाढते. ट्रॅमाडॉल ही दुखण्यावरची गोळी तर डॉक्टरांना सांगितल्याशिवाय अजिबात नको. दातांच्या डॉक्टरकडे जाताना, मेडिकलवर सर्दीची गोळी मागताना, "मी ही गोळी घेतो" असं सांगायची सवय लावा.

एक दुष्परिणाम असा आहे की ज्याबद्दल कुणी बोलत नाही आणि त्यापायीच गुपचूप गोळी सोडतात: लैंगिक इच्छा कमी होणं, समाधान लांबणं. हा सर्रास होतो, याला लाजायचं कारण नाही. मात्रा कमी करून किंवा औषध बदलून त्यावर तोडगा निघतो, पण डॉक्टरांना कळलं तरच.

आता गोळीच्या पाकिटाबद्दल. आपल्याकडे पुष्कळदा एकाच गोळीत दोन औषधं असतात, नावापुढे 'प्लस' किंवा असंच काही. मागच्या बाजूची बारीक अक्षरं वाचा. एस्सिटालोप्रामसोबत क्लोनाझेपाम लिहिलं असेल तर लक्ष द्या. क्लोनाझेपाम पहिल्या दिवसापासून शांत करतं, झोप आणतं, म्हणून सुरुवातीचे कठीण दिवस निभवायला त्याचा उपयोग आहे. पण ते नैराश्य बरं करत नाही, आणि काही आठवडे सलग घेतलं तर सवय लावतं. साधारण दोन ते चार आठवड्यांत ते कमी करत थांबवायचं असतं. प्रत्यक्षात काय होतं? पहिली चिठ्ठी जपून ठेवली जाते, मेडिकलवाला त्याच चिठ्ठीवर महिनोन्महिने देत राहतो, एक दिवस गोळी संपते आणि रात्रभर तळमळ होते. मग गावभर होतं, "मानसोपचाराच्या गोळ्यांची सवय लागते." सवय लागली ती त्यातल्या दुसऱ्या घटकाची. नैराश्याच्या मुख्य औषधाने तशी ओढ लागत नाही, मात्रा वाढवत न्यावीशी वाटत नाही. दुसऱ्याच भेटीत विचारा: "यातलं झोपेचं औषध कधी बंद करायचं?" महिनोन्महिने घेतलेलं क्लोनाझेपाम मात्र एकदम थांबवू नका, फिट येऊ शकते.

बोलण्याचे उपचार म्हणजे नक्की काय

नुसतं मन मोकळं करणं आणि उपचार यात फरक आहे. उपचारात गृहपाठ असतो. आठवड्याला एकदा, ४५ ते ६० मिनिटं, साधारण १२ ते २० बैठका. तीन-चार बैठकांनंतरही "पुढे काय करणार आहोत?" याचं उत्तर मिळत नसेल तर तसं विचारा, आणि गरज पडल्यास माणूस बदला.

सगळ्यात साधी आणि घरी सुरू करता येणारी पद्धत कृतीपासून सुरू होते. नैराश्यात माणूस काही करत नाही, म्हणून काही बरं घडत नाही, म्हणून मन आणखी खाली जातं आणि तो आणखी कमी करतो. हे चक्र मन सुधारायची वाट न बघता हातापायांपासून तोडायचं. गोव्यात हे फार नीट तपासून पाहिलं गेलं आहे. 'संगाथ' संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत पीएचक्यू-९ चे गुण १४ च्या वर असलेले जवळपास पाचशे रुग्ण घेतले. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, पण नीट तयार केलेल्या स्थानिक माणसांनी त्यांतल्या निम्म्यांना घरी किंवा केंद्रावर सहा ते आठ बैठका दिल्या, एकेक ३०-४० मिनिटांची. तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के आजारातून बाहेर आले होते; नेहमीचेच उपचार मिळालेल्या गटात ३९ टक्के. २०१७ मध्ये हे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. तज्ज्ञ दूर आहे म्हणून हात बांधून बसायची गरज नाही, हे यातून घेण्यासारखं.

करायचं कसं ते जवळून पाहू. समजा एक बाई सकाळी अकरापर्यंत अंथरुणात असते. पूर्वी तिला कुंड्यांचा नाद होता. "उद्यापासून बाग करते" असं तिने लिहिलं तर ते होणार नाही. लिहायचं ते असं:

सोमवार, ८.३०: उठून चहा गॅलरीत घेणे. १० मिनिटं.
मंगळवार, ८.३०: चहा गॅलरीत, आणि फक्त तुळशीला एक तांब्या पाणी.
बुधवार: तेच. वाळकी पानं पाच काढणे.
गुरुवार: तेच. बहिणीला फोन, पाच मिनिटं.

प्रत्येक गोष्टीपुढे दोन आकडे, ० ते १०: किती बरं वाटलं आणि काही केल्याचं किती समाधान. सुरुवातीला पहिला आकडा ० किंवा १ येईल. चालेल. दुसरा आकडा आधी हलतो. नियम इतकाच की वेळ घड्याळाप्रमाणे, मनाप्रमाणे नाही. बिघडतं कुठे? पहिल्या बऱ्या दिवशी माणूस सगळं घर काढतो, दुसऱ्या दिवशी गळून पडतो आणि "बघा, माझ्याने होत नाही" म्हणतो. बऱ्या दिवशीही ठरल्यापेक्षा जास्त करायचं नाही, हे पाळायला सगळ्यात अवघड जातं.

दुसरा भाग विचारांचा. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज टाकला, दोन तास कुणी उत्तर दिलं नाही. डोक्यात आलं, "मी कुणालाच नको आहे." वहीत तीन रकाने करा: काय घडलं, मनात काय आलं, आणि आणखी काय असू शकतं. तिसऱ्यात लिहा: दुपारचे दोन वाजलेत, सगळे कामावर आहेत, परवा दादाने स्वतःहून फोन केला होता. सकारात्मक विचार करा म्हणतात तो प्रकार हा नव्हे. स्वतःशी खोटं बोलायचं नाही, पुरावा बघायचा. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धत याच धर्तीची आहे. कि. मो. फडके यांनी ती मराठीत रुजवली, त्यामुळे या विषयावर मराठीत वाचायला चांगलं मिळतं. आजार तीव्र असताना मात्र हा रकान्यांचा खेळ जड जातो. तेव्हा आधी गोळी आणि गॅलरीतला चहा.

चालण्याचाही उपयोग होतो: दम लागेल इतकं भरभर, अर्धा तास, आठवड्यातून तीन ते पाच वेळा. तीव्र नैराश्यात ते गोळीची जागा घेत नाही.

घरच्यांनी

"सगळं तर आहे तुझ्याकडे", "मन घट्ट कर", "आमच्या वेळी असले लाड नव्हते", ही वाक्यं प्रेमापोटीच येतात, पण रुग्णाच्या मनात आधीच चाललेल्या "माझंच चुकतंय" या जपाला ती दुजोरा देतात. त्याऐवजी "आज काय जड जातंय?" विचारा आणि एक ठोस काम वाटून घ्या. "फिरायला जा" म्हणण्यापेक्षा चपला घालून दारात उभे राहा: "चल, कोपऱ्यापर्यंत."

मरणाचे विचार येतात का हे सरळ शब्दांत विचारा. विचारल्याने ते डोक्यात शिरत नाहीत, उलट बोलायला वाट मिळते. "हो" म्हणाला तर शपथा घालू नका, ओरडू नका. ऐका आणि त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. शेतकरी घरात फवारणीची औषधं घराबाहेर, कुलपात, शक्य असेल तर शेजाऱ्याकडे ठेवा. गोळ्यांचा साठा दुसऱ्याच्या ताब्यात, आठवड्यापुरत्याच हाताशी. तो आवेग थोड्या वेळाचा असतो. तेवढ्यात वस्तू हाताशी नसली तर जीव वाचतो.

देवळात, दर्ग्यात गेल्याने धीर येत असेल तर जरूर जावं, गोळी खिशात ठेवून. बाहेरचं आहे म्हणून मारहाण करणाऱ्या, बांधून ठेवणाऱ्या, औषध थांबवायला सांगणाऱ्या माणसाकडे मात्र नेऊ नका. नोकरी सोडणं, जमीन विकणं, घटस्फोट असे निर्णय बरं होईपर्यंत पुढे ढकला. नैराश्याच्या चष्म्यातून सगळंच संपल्यासारखं दिसतं.

कायद्याचं थोडक्यात. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ चा, २०१८ पासून लागू. शारीरिक आजाराला जसा विमा तसा मानसिक आजारालाही द्यावा, असं तो विमा कंपन्यांना सांगतो. पॉलिसीचा कागद त्या दृष्टीने वाचून घ्या. जीव देण्याचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असं हा कायदा धरून चालतो, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, जीव देण्याच्या प्रयत्नाला जुन्या दंड संहितेच्या कलम ३०९ मध्ये होती तशी शिक्षा ठेवलेली नाही. तेव्हा पोलिसांच्या भीतीने रुग्णालयात न्यायला उशीर करू नका, आणि काय घेतलंय ते डॉक्टरांपासून लपवू नका.

सहा आठवड्यांनीही फरक नसेल तर

निराश होण्याआधी चार गोष्टी तपासा. गोळी खरंच रोज घेतली का? मात्रा पुरेशी होती का, की सुरुवातीच्या ५ मिलिग्रॅमवरच राहिली? दारू चालू आहे का? निदान बरोबर आहे का, थायरॉइड किंवा बायपोलर सुटलं तर नाही? हे सगळं ठीक असेल तर मात्रा वाढवतात, औषध बदलतात किंवा दुसरं जोडतात. पहिल्याच गोळीने पूर्ण बरं न वाटणं हे नेहमीचं आहे: अमेरिकेत झालेल्या 'स्टार-डी' या मोठ्या अभ्यासात पहिल्या औषधाने पूर्ण बरे झालेले साधारण तीनात एक होते. बाकीच्यांसाठी पुढच्या पायऱ्या होत्या.

खाणं-पिणं बंद झालं असेल, माणूस दगडासारखा बसून असेल, जीवाचा धोका दाट असेल, तर विद्युत उपचार, म्हणजे लोकांच्या तोंडचा 'शॉक', सर्वांत लवकर काम करतो. सिनेमातलं दृश्य विसरा. आता तो भूल देऊन आणि स्नायू शिथिल करूनच देतात. भुलीशिवाय देण्याला कायद्याने बंदी आहे. आठवड्याला दोन-तीन वेळा, सहसा ६ ते १२ वेळा. त्या काळातल्या आठवणी पुसट होणं हा मुख्य त्रास. बहुतेकांचं ते हळूहळू भरून येतं, काहींच्या काही आठवणी परत येत नाहीत. संमती देण्याआधी हे मोकळेपणाने विचारून घ्या.

बरं वाटल्यावर

ही दुसरी निसरडी जागा. पीएचक्यू-९ पाचच्या खाली आला की तिथून मोजायला सुरुवात करा: नैराश्य पहिल्यांदाच आलं असेल तर पुढचे सहा ते नऊ महिने तीच मात्रा. आधीही होऊन गेलं असेल तर निदान दोन वर्षं, कधी जास्त. प्लास्टर काढलं की लगेच कुणी पोतं उचलत नाही, तसंच हे आहे.

बंद करताना डॉक्टरांसोबत, पायरीपायरीने. उदाहरणार्थ १० चे ५, चार आठवडे थांबून मग आणखी कमी. "दिवसाआड घेतो" हा घरगुती उपाय बऱ्याच औषधांना चालत नाही. रक्तातलं प्रमाण रोज वर-खाली होतं आणि त्याचाच त्रास होतो. घरात लग्न, परीक्षा, बदली असेल तेव्हा कमी करायला घेऊ नका.

गोळी कमी केल्यावर दोन-चार दिवसांत चक्कर, डोक्यात वीज चमकल्यासारखं, विचित्र स्वप्नं, चिडचिड झाली तर तो बहुधा औषध उतरण्याचा त्रास आहे; मागच्या मात्रेवर गेलं की एक-दोन दिवसांत शमतो. आजार परततो तो वेगळा: काही आठवड्यांनी, हळूहळू, आणि ओळखीच्या वाटेने. एकदा नैराश्य येऊन गेलेल्यांपैकी साधारण निम्म्यांना ते पुन्हा कधीतरी येतं, म्हणून ती वाट लिहून ठेवा. प्रत्येकाची पहिली दोन-तीन लक्षणं ठरलेली असतात: कुणाचा फोन उचलणं बंद होतं, कुणी पहाटे जागा होतो, कुणी दाढी करेनासा होतो. ती एका चिठ्ठीवर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा आणि घरातल्या एकाला सांगून ठेवा की दिसलं तर मला टोक. टोकल्यावर पीएचक्यू-९ पुन्हा भरायचा. दोन आठवड्यांनीही दहा किंवा जास्त असेल तर जुनी फाईल काढून डॉक्टरांकडे. त्या फाईलच्या पहिल्या पानावर एवढं असू द्या: कोणतं औषध, किती मिलिग्रॅम, कितव्या आठवड्यात लागू पडलं, काय सोसलं नाही. पुढच्या वेळी डॉक्टर तिथूनच सुरुवात करतात.